घाटाच्या राजाचा गिअर प्रजेने का घ्यावा?

"मॅडम, कॅसेट बदलू नका. पाय बदला."

नेरळ स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर आमच्या रविवारच्या सायकल-कंपूतल्या काकांनी मला हे ऐकवलं आणि बाकीचे सहा जण मनापासून हसले. मीही हसले. माथेरानच्या दस्तुरी नाक्याचा चढ निम्मा सायकलवर आणि निम्मा सायकल हातात धरून संपवून नुकतीच खाली आले होते. प्रत्युत्तर द्यायला छातीत हवा नव्हती. आता आहे.

आधी काकांबद्दल. वय बासष्ट. डोंबिवलीहून सायकलने लोणावळ्याला जाऊन संध्याकाळच्या चहाला घरी परत येणारा माणूस. कंपूतल्या निम्म्या लोकांना पंक्चर काढायला त्यांनीच शिकवलं, मलाही. भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या वाक्याशी आहे, कारण ते वाक्य त्यांचं एकट्याचं नाही. ठाण्याच्या येऊरच्या फाटकापाशी पाणी पीत उभ्या असलेल्या घोळक्यात ऐका, सायकलच्या दुकानात ऐका, थोड्याफार फरकाने हेच कानावर येतं: हलका गिअर म्हणजे पळवाट. पूर्वी लोक एकाच गिअरवर डोंगर चढायचे. खरे रेसर जड गिअरच मारतात. हलक्या गिअरची सवय लागली की वेग मेला. आणि एवढंच जड जात असेल तर हलकी सायकल घ्या, पोट कमी करा.

एकेकाचं उत्तर देते. त्याआधी माझं प्रकरण सांगते, म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलते आहे ते कळेल.

माझी रोडबाइक सेकंडहँड. रेस खेळणाऱ्या एका मुलाने विकायला ठेवलेली. पुढे ५३ आणि ३९ दातांच्या दोन चकत्या, मागे १२ पासून २५ दातांपर्यंतच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट. "प्रो गिअरिंग आहे, ताई," असं दुकानदार म्हणाला. मला ते सायकलचं कौतुक वाटलं; तो मला दिलेला इशारा होता, हे कळायला घाट लागावा लागला. कल्याण-शीळ रस्त्यावर पहाटे ती अशी पळते की काटई नाका कधी मागे पडला ते समजत नाही. उपवनहून येऊरला जाताना उभी राहून, हँडल उपटायला निघाल्यासारखं ओढत, कशीबशी वर पोचते. नेरळच्या रस्त्याने मात्र सगळी हौस फेडली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर दुसरं काही सुचेना म्हणून मी उजवा पाय मोजायला लागले. पंधरा सेकंदांत नऊ वेळा खाली गेला. म्हणजे मिनिटाला छत्तीस फेरे. प्रत्येक फेऱ्याला सायकल थांबते की काय असं वाटत होतं आणि गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखत होतं. तेवढ्यात शेजारून दस्तुरीला जाणारी शेअर टॅक्सी आली. वळणावर ड्रायव्हरने खाडकन पहिला गिअर टाकला, इंजिन ओरडलं आणि माणसांनी भरलेली गाडी वर सरकली. तिला कुणी "इंजिन बदल" म्हणालं नाही.

आता मुद्द्याचं. गिअर चढ कमी करत नाही. तो चढाचे हप्ते पाडतो.

डोंबिवलीत घर घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. उदाहरण म्हणून आठ टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. स्वार, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून वजन ८० किलो. रोडबाइकचं चाक एका फेऱ्यात साधारण २.१ मीटर जातं. पुढे ३९ आणि मागे २५ असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.३ मीटर वर सरकते आणि पेडलवर सरासरी २१ किलोच्या आसपास जोर लागतो. पुढे ३४ आणि मागेही ३४ असेल, तर सायकल २.१ मीटरच सरकते, पण जोर लागतो साडेतेरा किलोच्या आत. ही पूर्ण फेऱ्यावरची सरासरी आहे. पाय प्रत्यक्षात खाली जातानाच दाबतो, तेव्हा त्या क्षणाचा दाब याहून बराच जास्त असतो. एक किलोमीटर चढायला पहिल्या जोडीवर साधारण ३०५ फेरे, दुसऱ्या जोडीवर ४७५. ३०५ला २१ने गुणा, ४७५ला साडेतेराने गुणा. उत्तर जवळजवळ एकच. मुद्दल एका पैशानेही माफ झालेलं नाही. मग पळवाट कुठली? मोठा हप्ता भरणारा प्रामाणिक आणि छोटा हप्ता भरणारा चोर, असं कुठलीही बँक म्हणत नाही.

हीच गोष्ट त्याच नेरळला, टपरीपासून हाकेच्या अंतरावर, १९०७ पासून रुळांवर मांडून ठेवलेली आहे. नेरळ ते माथेरान या मिनी ट्रेनचा मार्ग सुमारे २१ किलोमीटरचा. अमन लॉज ते माथेरान हे शेवटचे तीनेक किलोमीटर सोडले तरी दस्तुरीच्या उंचीला यायला तिला अठराएक किलोमीटर लागतात. गाडीरस्ता तेच काम सात-आठ किलोमीटरमध्ये उरकतो. डोंगर तोच, उंची तीच. छोट्या इंजिनाला झेपेल असा चढ मिळावा म्हणून रूळ वळसे घेत घेत नेले. रूळ टाकणाऱ्यांना "इंजिनाचे पाय मजबूत करा" असं कुणी सांगितलं नाही. गिअर हेच करतो, फक्त रस्ता न वळवता. सात किलोमीटरच्या रस्त्यावर बसून आपण आपल्यापुरता अठरा किलोमीटरचा रस्ता तयार करतो.

आणि ज्यांना मोठी उदाहरणं लागतात त्यांनी कसाऱ्याला जावं. कल्याणच्या माणसाला कसारा लोकलच्या पाटीवर रोज दिसतं. तिथून इगतपुरीपर्यंतचा रेल्वेचा थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. चढ १ : ३७, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा चढासाठी आजही गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. हजारो अश्वशक्तीचं इंजिन मदत घेतं आणि त्यात त्याची अब्रू जात नाही. आमची दीडशे वॅटची पावशक्ती मात्र मदत मागताना लाजते.

आता पहिला आक्षेप: पूर्वी लोक एकाच गिअरवर चढायचे.

माझे बाबा डोंबिवलीहून कल्याणला ॲटलास सायकलवर कामाला जायचे. दणकट काळी सायकल, मागे कॅरियर, डबा अडकवलेला. पुढचं चक्र मागच्या फ्रीव्हीलच्या अडीच पटीच्या आसपास, म्हणजे सपाटीवरचा गिअर. रविवारी कधीकधी मी पुढच्या दांडीवर बसायचे. जुन्या पत्री पुलाचा चढ लागला की बाबा काय करायचे? उतरायचे. मला दांडीवर तसंच बसवून, एक हात हँडलवर आणि एक सीटवर ठेवून, चालत पूल चढायचे. त्यांच्या आगेमागे दूधवाले, पाववाले, कारखान्याच्या पाळीचे कामगार, सगळे चालत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. त्या सायकलींनाही दोन गिअर होते: एक साखळीचा आणि दुसरा चपलेचा. "पूर्वीचे लोक" म्हणून ज्यांच्या नावाने आपल्याला हिणवलं जातं, ते हा दुसरा गिअर बिनदिक्कत वापरायचे. आठवणीत फक्त पहिला राहिला.

दुसरा आक्षेप: खरे रेसर जड गिअर मारतात.

आपल्याकडे याचं मूळ मुंबई-पुणे सायकल शर्यतीत आहे. बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला त्या शर्यतीत "घाटाचा राजा" म्हणतात, आणि तो किताब मराठी सायकलवेड्यांच्या मनात कायमचा घर करून बसला आहे. बसावाच. पण राजा ज्या गिअरवर घाट चढतो, तो त्याच्या मांड्यांच्या उत्पन्नाला परवडणारा हप्ता असतो. प्रजेने तोच का भरावा? मघाच्याच आठ टक्क्यांच्या चढावर ३९-२५ च्या जोडीने मिनिटाला साठ फेरे टिकवायचे तर सुमारे २२५ वॅट सतत लागतात. ३४-३४ वर साठ फेरे मारायला १४५ च्या आत भागतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, आठवड्यात तीनदा सायकल चालवणाऱ्या माणसाकडे तासभर टिकेल अशी ताकद या दुसऱ्या आकड्याच्या आसपास असते.

शिवाय राजेसुद्धा बदलले, दरबारी तेवढे जुन्या फर्मानाला चिकटून आहेत. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोने २०२१ मध्ये ड्युरा-एस हा आपला सगळ्यात वरचा, शर्यतींसाठीचा संच नव्याने आणला, तेव्हा पुढची ५३-३९ ही परंपरागत जोडी बंद केली आणि मागे ११-३४ ची कॅसेट दिली. आज युरोपातल्या डोंगरांवर व्यावसायिक सायकलपटू पुढे ४० आणि मागे ३४ अशी जोडी वापरताना दिसतात. भागाकार करा: १.१८. माझ्या सेकंडहँड सायकलीचा सगळ्यात हलका गिअर ३९ भागिले २५, म्हणजे १.५६. आल्प्स चढणाऱ्या व्यावसायिकापेक्षा जड गिअर घेऊन डोंबिवलीची एक बँक कर्मचारी नेरळचा चढ चढत होती. याला जिद्द म्हणायचं की अडाणीपणा?

हा वाद जुनाही आहे आणि त्याचा निकालही लागून गेलेला आहे. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये डोंगराळ रस्त्यावर २४० किलोमीटरची एक चाचणी झाली. मार्थ हेस नावाची बाई तीन गिअरच्या सायकलवर आणि समोर एका गिअरच्या सायकलवर एदुआर फिशर हा नावाजलेला सायकलपटू. बाई जिंकल्या. यावर पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजचं म्हणणं असं होतं की बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी ठीक आहेत. खरा पुरुषार्थ स्नायूंनी जिंकण्यात आहे. त्याने आपल्या शर्यतीत डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, येऊ दिलाच नाही. तो १९३७ मध्ये आला, देग्रांजने सूत्रं खाली ठेवल्यावर. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलर लावलेल्या सायकलवर जिंकला आणि तेव्हापासून आजतागायत कुणी मागे वळून पाहिलेलं नाही. म्हणजे "पाय बदला" हे वाक्य सव्वाशे वर्षांचं आहे, आणि हरून नव्वद वर्षं होत आली.

तिसरा आक्षेप: हलक्या गिअरने वेग मरतो.

वेग गिअर ठरवत नाही, ताकद ठरवते. माझ्याकडे दीडशेच्या आतले वॅट असतील, तर आठ टक्क्यांवर माझा वेग ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपासच राहणार, गिअर कुठलाही असो. फरक एवढाच की ३४-३४ वर त्या वेगाला मिनिटाला साठ फेरे पडतात आणि ३९-२५ वर अडतीस. माझे नेरळचे छत्तीस आठवा. जड गिअरने मी वेगवान झाले नव्हते, फक्त प्रत्येक फेरा महाग झाला होता. मांड्या भरून आल्या आणि पुढचं अर्धं अंतर चालत गेलं. चालण्याचा वेग धरला तर सरासरी कुणाची मेली?

ज्यांना सरासरीचीच काळजी आहे त्यांनी ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीचे नियम पाहावेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे ताशी पंधरालाही थोडा कमी वेग, थांबे धरून. घाटात ताशी आठने गेलेला माणूस सपाटीवर ते सहज भरून काढतो, पाय शिल्लक असतील तर. पाय शिल्लक ठेवणं हेच गिअरचं काम.

चौथा आक्षेप वजनाचा. सायकल एक किलोने हलकी केली तर ८० किलोंत सव्वा टक्क्याचा फायदा. कॅसेट २८ वरून ३४ वर नेली तर त्याच चढावर पेडलवरचा जोर साडेसतरा टक्क्यांनी उतरतो. दोन्ही गोष्टी एकच नाहीत, हे मान्य: वजन उतरलं की एकूण काम कमी होतं, गिअर बदलला की फक्त जोर. पण गुडघ्याला काम कळत नाही, जोर कळतो. आणि कार्बनच्या चाकांचा भाव विचारून आलेल्या माणसाला कॅसेटची किंमत ऐकून हसू येतं.

आता काकांच्या बाजूने जे खरं आहे तेही मांडते, नाहीतर हा प्रतिवाद एकतर्फी होईल.

रुंद कॅसेटला दोन गिअरमधली उडी मोठी असते. ११-३४ च्या काही आठ गिअरच्या कॅसेटमध्ये तर शेवटची उडी २६ वरून थेट ३४ वर आहे. पाय एकदम रिकामा गेल्यासारखा वाटतो. भिवंडी बायपासला समोरून वारा असताना एक गिअर जड आणि पुढचा हलका, मधला नाहीच, अशी चिडचिड होते. ज्याला सपाटीवर गटात पळायचंय, त्याच्यासाठी हा खरा तोटा आहे. त्यावर उपाय आहे: आठ गिअरमध्येच ११-३२ घेतली तर शेवटच्या पायऱ्या २४, २८, ३२ अशा सरळ येतात.

दुसरं, नुसती कॅसेट आणून बसवली की झालं, असं नसतं. मागचा डिरेलर किती दातांपर्यंत जातो आणि किती सैल साखळी गिळतो, याला मर्यादा असते. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ असेल तर पुढचा फरक १६, मागचा २३, बेरीज ३९. लांब पिंजऱ्याचा डिरेलर नसेल तर एवढं झेपत नाही. साखळीही वाढवावी लागते. ती आखूड राहिली आणि चुकून पुढची मोठी, मागची मोठी अशी जोडी पडली, तर डिरेलर वाकून आकड्यासकट तुटू शकतो. माझ्या सायकलला तर पुढची चकतीच ३८ दातांपेक्षा लहान बसत नव्हती, कारण क्रँकवरच्या बोल्टांचं वर्तुळच मोठं. शेवटी अख्खा क्रँक बदलला. एका महिन्याच्या किराण्यापेक्षा खर्च जास्त झाला, लपवत नाही.

तिसरं, फार हलका गिअरही उपयोगाचा नाही. ताशी पाच किलोमीटरच्या खाली सायकल डुगडुगायला लागते आणि तिथे चालणंच बरं.

आणि पाय तयार करावेत, हेही खरंच. पण पाय तयार होतात ते चढ चढून. जो चढ अर्ध्यावर सोडावा लागतो, त्याने फक्त रविवार खराब होतो.

मग गिअर निवडायचा कसा? दुकानात गुळगुळीत फरशीवर नाही, आणि सकाळच्या ताज्या पायांच्या भरवशावर तर नाहीच. कल्याणहून पहाटे निघून रायते पूल, मुरबाड, टोकावडे करत माळशेजला जाणाऱ्याला विचारा. सावर्ण्याच्या पुढे घाट सुरू होतो तेव्हा पायांत बरेच किलोमीटर जमा झालेले असतात, ऊन चढलेलं असतं आणि मुरबाडचा वडापाव बोलायला लागलेला असतो. गिअर त्या तासासाठी घ्यायचा. आपल्या सगळ्यात कमजोर तासाला जो झेपतो, तो आपला सगळ्यात हलका गिअर.

कसोटी सोपी आहे. आपल्या नेहमीच्या सगळ्यात उभ्या चढावर, सीटवर बसून, सगळ्यात हलक्या गिअरवर उजवा पाय पंधरा सेकंद मोजा. पंधरा किंवा जास्त आले आणि शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं, तर काही बदलू नका, काकांचं ऐका. बाराच्या आत आले तर चार दातांनी मोठी कॅसेट शोधा. दहाच्या आत आले तर कॅसेटबरोबर पुढच्या चकतीचाही विचार करा. येऊरपुरतं बघायचं असेल तर बहुतेकांचं ३४-२८ वर निभावतं. नेरळ-दस्तुरी करायचं असेल तर पुढचे आणि मागचे दात सारखे असलेले बरे.

मी मागच्या महिन्यात ३४-३४ घेऊन पुन्हा दस्तुरी नाक्यावर गेले. त्याच वळणावर मोजले: पंधरा. काका माझ्या आधी वर पोचले होते, नेहमीसारखे, आणि मी त्यांना कधी गाठेन असा माझा दावाही नाही. पण या वेळी मी पोचले ती सायकलवर बसून, आणि पोचल्यावर बोलायला हवा शिल्लक होती. म्हणून त्यांना एवढंच सांगितलं: काका, गिअरचा सगळ्यात कट्टर शत्रू देग्रांज, त्यानेसुद्धा पंचेचाळिशीनंतर सूट दिली होती. तुमची सतरा वर्षांची थकबाकी आहे. माझी जुनी २५ ची कॅसेट घरी गॅलरीत डब्यात पडून आहे. पाय बदलून झाले असतील आणि तुमची झिजली असेल, तर घेऊन जा.